आपला खेळाडू राहणार का? सोलापुरातून एनबीएची फ्री एजन्सी कशी बघावी

जून संपत आला की आमच्या मैदानावर एकच प्रश्न फिरत असतो, "सांग बे, जायलाय का राहायलाय?" एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगची फायनल संपलेली असते, ऑक्टोबरपर्यंत एकही खरी मॅच नसते, तरी पोरांचं डोकं फोनमधून वर येत नाही. ज्या खेळाडूसाठी वर्षभर पहाटे उठलो, त्याचा करार संपलेला असतो. तो आपल्याच संघाशी पुन्हा सही करतो की दुसरीकडे जातो, हे ठरायचं असतं.

एक-दोन वर्षांपासून एनबीए बघू लागलेल्यांना हे दिवस जड जातात. बातम्यांत कॅप, बर्ड राइट्स, ॲप्रन, ऑफर शीट असे शब्द येतात आणि त्यांचा अर्थ कुणी सांगत नाही. ग्रुपवर मराठी, तेलुगू, कन्नड अशा तिन्ही भाषांत वाद चालतो. एक म्हणतो नक्की राहतो, दुसरा म्हणतो गेलाच समज. हा लेख अशा नवख्यांसाठी आहे. माझं सांगणं एवढंच की आशा मनापासून धरा, पण आधी हिशेब बघा. आपला संघ त्याला किती देऊ शकतो आणि त्याच्यापुढे कोणते रस्ते मोकळे आहेत, हे माहीत असलं की अर्ध्या अफवा आपोआप गळून पडतात.

आधी लिलाव डोक्यातून काढा

क्रिकेटमुळे आपल्याला आयपीएलच्या लिलावाची सवय आहे. तिथे बोली संघ लावतात, जो जास्त लावेल तिकडे खेळाडू जातो. एनबीएमध्ये करार संपलेला खेळाडू, म्हणजे फ्री एजंट, स्वतः निवडतो. संघांनी प्रस्ताव द्यायचे, भेटायला जायचं, मनधरणी करायची. कमी पैसे घेऊन एखादा संघ निवडायचा असेल तर तोही त्याचाच निर्णय.

हा हक्क खेळाडूंना भांडून मिळाला आहे. पूर्वी करार संपला तरी खेळाडू त्याच संघाला बांधलेला राहायचा. खेळाडू संघटनेचे अध्यक्ष ऑस्कर रॉबर्टसन यांच्या नावाने १९७० मध्ये लीगवर खटला भरला गेला, १९७६ मध्ये तडजोड झाली आणि बंधनं सैल व्हायला सुरुवात झाली. जुन्या संघाच्या परवानगीविना संघ बदलायची पूर्ण मोकळीक १९८८ मध्ये आली आणि तिचा फायदा घेऊन टॉम चेंबर्स सिएटलहून फीनिक्सला गेला. तुमचा लाडका खेळाडू उद्या दुसरीकडे गेला तर तो हाच हक्क वापरत असेल, म्हणून हे आधी सांगतोय. त्याच्या अकाउंटवर जाऊन शिव्या लिहिणाऱ्यांत आपलं सोलापूरचं एकही नाव नसावं असं मला मनापासून वाटतं.

त्याचा करार कसा संपतोय ते शोधा

स्पॉट्रॅकसारख्या वेबसाइटवर प्रत्येक संघाचे करार कोष्टकात दिलेले असतात. आपल्या संघाचं पान उघडा, खेळाडूचं नाव शोधा आणि शेवटच्या वर्षापुढे काय लिहिलंय ते वाचा. पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

तो अनरिस्ट्रिक्टेड असेल तर पूर्ण मोकळा. आपला संघ त्याला विनंती करू शकतो, अडवू शकत नाही.

रिस्ट्रिक्टेड असेल तर गोष्ट वेगळी. पहिल्या करारातून बाहेर पडणारे तरुण खेळाडू बहुधा या गटात येतात. जून संपण्याआधी संघाने त्याला एका वर्षाची क्वालिफाइंग ऑफर द्यायची, की त्याच्यावर संघाचा हक्क राहतो. मग दुसऱ्या कुणा संघाने ऑफर शीटवर, म्हणजे लेखी प्रस्तावावर, त्याची सही घेतली तरी जुना संघ ठरावीक मुदतीत तेवढेच पैसे मान्य करून त्याला ठेवून घेऊ शकतो. आयपीएलमधलं राइट टू मॅच कार्ड आठवलं तर कल्पना लगेच येईल. २०२२ मध्ये इंडियानाने डिआंड्रे एटनला चार वर्षांचे १३ कोटी ३० लाख डॉलर देऊ केले; फीनिक्सने लगेच तेवढेच मान्य केले आणि तो राहिला. २०१२ मध्ये मात्र न्यूयॉर्कच्या चाहत्यांनी डोक्यावर घेतलेल्या जेरेमी लिनला ह्यूस्टनने ऑफर शीट दिली आणि न्यूयॉर्कने ती जुळवली नाही. हक्क होता, वापरला नाही. म्हणून रिस्ट्रिक्टेड दिसलं की निर्धास्त होऊ नका, मालकाची पैसे मोजायची तयारी किती ते बघा.

अशा खेळाडूंची वाट फार लांबते, हेही लक्षात ठेवा. २०२५ मध्ये जॉश गिडी आणि शिकागोचा करार व्हायला सप्टेंबर उजाडला. त्याच उन्हाळ्यात ब्रुकलिनच्या कॅम थॉमसने आणि फिलाडेल्फियाच्या क्वेंटिन ग्राइम्सने मोठा करार न करता क्वालिफाइंग ऑफरच घेतली. तसं केलं की खेळाडू एक वर्ष राहतो आणि पुढच्या उन्हाळ्यात पूर्ण मोकळा होतो. ते राहणं अर्धवट समजा.

तिसरा प्रकार ऑप्शनचा. प्लेअर ऑप्शन असेल तर करारातलं शेवटचं वर्ष खेळायचं की सोडायचं हे खेळाडू ठरवतो, टीम ऑप्शन असेल तर संघ. त्याची मुदत बहुधा २९ जूनची असते. लेब्रॉन जेम्सने २०२५ मध्ये लॉस एंजेलिस लेकर्सबरोबरचा ५ कोटी २६ लाख डॉलरचा ऑप्शन घेतला आणि त्या वर्षी तो फ्री एजंट झालाच नाही. पण ऑप्शन घेतला म्हणजे खेळाडू राहिलाच, असं धरू नका. क्रिस पॉलने २०१७ मध्ये ऑप्शन घेतला तोच मुळी लॉस एंजेलिस क्लिपर्सकडून ह्यूस्टनला ट्रेड होण्यासाठी, म्हणजे संघांच्या आपसातल्या अदलाबदलीत जाण्यासाठी. जेम्स हार्डनने २०२३ मध्ये फिलाडेल्फियाचा ऑप्शन घेतला, ट्रेड मागितला आणि मोसम सुरू झाल्यावर क्लिपर्सकडे गेला.

संघ किती देऊ शकतो, हा सगळ्यात मोठा प्रश्न

इथे थोडा वेळ घालवा. ग्रुपवरचे बहुतेक वाद हा भाग न कळल्यामुळे होतात.

आकडे वाचायची सवय आधी लावून घ्या. दहा लाख म्हणजे एक मिलियन, दहा कोटी म्हणजे शंभर मिलियन. बातमीत २१२ मिलियन दिसलं की मनात २१ कोटी २० लाख डॉलर म्हणा. रुपयांत करत बसू नका. सगळी तुलना डॉलरमध्येच होते.

प्रत्येक संघाला पगाराची मर्यादा असते, तिला सॅलरी कॅप म्हणतात. १९८४-८५ च्या मोसमात ती ३६ लाख डॉलर होती. २०२५-२६ साठी ती १५ कोटी ४६ लाख डॉलरवर गेली. मात्र ही मर्यादा दगडावरची रेघ नव्हे. काही सवलती वापरून संघ तिच्या वर जातात, आणि त्यातली सगळ्यात मोलाची सवलत आपल्याच खेळाडूला परत घेण्याची आहे. बॉस्टनच्या लॅरी बर्डवरून तिला बर्ड राइट्स हे नाव पडलं. खेळाडू तीन मोसम एकाच संघाकडे राहिला असेल, किंवा संघ बदलला तरी करार न मोडता फक्त ट्रेड होऊन आला असेल, तर त्याचा संघ कॅपच्या वर जाऊनही त्याला नियमातला सर्वोच्च पगार देऊ शकतो. पाच वर्षांचा करार आणि दरवर्षी आठ टक्क्यांपर्यंत वाढ. बाहेरचा संघ चार वर्षं आणि पाच टक्के यापुढे जाऊ शकत नाही. शिवाय बाहेरच्या संघाकडे तेवढी जागा रिकामी असावी लागते.

दोनच मोसम झाले असतील तर हक्क अपुरा असतो. त्याला अर्ली बर्ड म्हणतात आणि त्यात पगाराला आडकाठी असते. २०२४ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क निक्सच्या चाहत्यांनी हा फरक एकाच वेळी दोन्ही बाजूंनी बघितला. ओजी अनुनोबी टोरांटोहून ट्रेड होऊन आला होता आणि त्याच्याबरोबर पूर्ण बर्ड राइट्सही आले होते. निक्सनी त्याला पाच वर्षांचे २१ कोटी २५ लाख डॉलर दिले आणि तो राहिला. आयझेया हार्टेनस्टाइन मात्र दोनच वर्षांपूर्वी फ्री एजंट म्हणून आला होता. निक्सना त्याला चार वर्षांत जास्तीत जास्त ७ कोटी २५ लाख देता येत होते. ओक्लाहोमा सिटीने तीन वर्षांचे ८ कोटी ७० लाख दिले. तो गेला, आणि २०२५ मध्ये ओक्लाहोमा सिटीबरोबर विजेता झाला. न्यूयॉर्कच्या कितीतरी लोकांना तो रहावा असं वाटत होतं, त्यालाही तिथे मान होता, पण नियमाने हात बांधले होते. म्हणून आपल्या खेळाडूबद्दल पहिला प्रश्न हाच विचारा की तो इथे किती मोसम झाला आणि आला कसा.

सर्वोच्च पगारही सगळ्यांना सारखा नसतो. लीगमध्ये सहा वर्षांपर्यंत झालेल्याला कॅपच्या २५ टक्के, सात ते नऊ वर्षं झालेल्याला ३० टक्के, दहा किंवा जास्त झालेल्याला ३५ टक्के. ऑल-एनबीए, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूंची यादी, अशांत नाव येण्यासारखे मान मिळवून आपल्या संघाकडे राहिलेल्या काहींना लवकर ३५ टक्के मिळू शकतात. त्यालाच सुपरमॅक्स म्हणतात. यानिस अँटेटोकुंपोने डिसेंबर २०२० मध्ये मिलवॉकीबरोबर असाच पाच वर्षांचा करार केला, फ्री एजंट व्हायची वेळच येऊ दिली नाही, आणि २०२१ मध्ये मिलवॉकीने विजेतेपद मिळवलं. लहान शहराच्या चाहत्यांना याहून मोठा आधार दुसरा नाही. सोलापूरकर म्हणून मला ती गोष्ट फार जवळची वाटते. आपल्याकडेही जो तो पुण्या-मुंबईची गाडी पकडतो, आणि एखादा थांबला की किती बरं वाटतं ते आपल्याला सांगावं लागत नाही.

आता कॅप होल्ड. करार संपला तरी खेळाडूचं नाव संघाच्या हिशेबातून लगेच पुसलं जात नाही. एक ठरावीक रक्कम त्याच्या नावावर धरून ठेवतात. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो तसंच समजा. रुमाल जितका लहान, तितकी शेजारी जागा जास्त. फिलाडेल्फियाने २०२४ मध्ये हेच केलं. टायरीस मॅक्सीच्या नावावरची रक्कम त्याच्या नव्या पगारापेक्षा बरीच कमी होती. त्याला थांबवून संघाने आधी मोकळ्या जागेत क्लिपर्सच्या पॉल जॉर्जला चार वर्षांचे २१ कोटी २० लाख दिले आणि मग मॅक्सीशी पाच वर्षांचा २० कोटी ४० लाखांचा करार केला. म्हणजे आपल्या खेळाडूची सही लांबली तर घाबरायचं कारण नसतं. कधी कधी तीच चांगली खूण असते. उलट संघाने त्याच्यावरचा हक्क सोडला, बातमीत रिनाउन्स हा शब्द आला, की समजा रुमाल उचलला.

शेवटी ॲप्रन, म्हणजे कॅपच्याही वर आखलेल्या दोन रेषा. लीग आणि खेळाडू संघटनेच्या २०२३ च्या नव्या करारनाम्यानंतर याला फार महत्त्व आलं. २०२५-२६ साठी लक्झरी टॅक्स, म्हणजे जादा पगारावर संघाने भरायचा दंड, १८ कोटी ७९ लाखांवर सुरू होतो, पहिला ॲप्रन १९ कोटी ५९ लाखांवर आणि दुसरा २० कोटी ७८ लाखांवर. दुसरा ॲप्रन ओलांडला तरी बर्ड राइट्स वापरून आपला खेळाडू ठेवता येतो, पण संघाचे बाकीचे रस्ते बंद होत जातात. दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून ट्रेड करता येत नाही, बाहेरून मध्यम पगाराचा खेळाडू आणता येत नाही, आणि टॅक्स तर वाढतच जातो. बॉस्टन २०२४ चा विजेता संघ. वर्षभरातच या ओझ्यापायी ज्रू हॉलिडे पोर्टलंडला आणि क्रिस्टॅप्स पोर्झिंगिस अटलांटाला गेला, आणि अल हॉरफर्डने फ्री एजंट म्हणून गोल्डन स्टेट गाठलं. तुमचा संघ या रेषांच्या किती जवळ आहे ते स्पॉट्रॅकवर दिसतं. खेळाडूवरचं प्रेम मालकालाही असेल, पण तो आधी हे कोष्टक बघतो.

पैशाच्या पलीकडचं

हिशेब जुळला म्हणजे खेळाडू राहिलाच असं नसतं. जेलन ब्रन्सनसाठी २०२२ मध्ये डॅलसकडे बर्ड राइट्स होते, तरी तो चार वर्षांच्या १० कोटी ४० लाखांवर न्यूयॉर्कला गेला. त्याच जूनमध्ये त्याचे वडील तिथे सहायक प्रशिक्षक म्हणून लागले होते. पुढे २०२४ मध्ये याच ब्रन्सनने वर्षभर थांबून मिळू शकले असते त्यापेक्षा सुमारे ११ कोटी ३० लाख डॉलर कमीचा करार निक्सशी केला, का तर संघाला बाकीचे खेळाडू ठेवता यावेत. केव्हिन ड्युरंट ४ जुलै २०१६ ला ओक्लाहोमा सिटी सोडून गोल्डन स्टेटला गेला तो विजेतेपदाच्या ओढीने. क्वाय लेनर्डने २०१९ मध्ये टोरांटोला पहिलं विजेतेपद मिळवून दिलं आणि काही आठवड्यांतच दक्षिण कॅलिफोर्नियातल्या आपल्या घराजवळ, क्लिपर्सकडे गेला.

म्हणून खेळाडूची दुसरी यादी करा. घर कुठे, मुलं शाळेत कुठे, प्रशिक्षकाशी जमतं का, खेळायला किती मिनिटं मिळतात, संघ जिंकण्याच्या जवळ आहे की नव्याने उभा राहतोय. टेक्सस आणि फ्लॉरिडात राज्याचा आयकर नाही, तोही विचार खेळाडूंचे एजंट करतातच. या यादीतलं आपल्याला बाहेरून थोडंच कळतं. जे कळत नाही ते कल्पनेने भरू नका.

तारखा भारतीय वेळेत लिहून ठेवा

फायनल संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून संघ स्वतःच्या फ्री एजंटशी बोलू शकतो. ही सोय २०२४ पासून आली आणि आपल्यासारख्यांच्या दृष्टीने तो सगळ्यात आशेचा काळ, कारण बाहेरच्यांना तेव्हा बोलायची परवानगी नसते. अनुनोबीची बातमी याच दिवसांत आली होती.

बाहेरचे संघ ३० जूनला अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या संध्याकाळी सहापासून बोलू शकतात. आपल्याकडे ती १ जुलैची पहाट, साडेतीन. तिथून ६ जुलैपर्यंत मोरॅटोरियम, म्हणजे तोंडी ठरवता येतं पण काही मोजके करार सोडले तर सही होत नाही. मोरॅटोरियम ६ जुलैला त्यांच्या दुपारी, आपल्या रात्री साडेनऊच्या सुमारास उठतो.

हे दिवस आपल्याकडे बहुधा वारीचे असतात. २०२५ मध्ये तर ६ जुलैलाच आषाढी एकादशी होती. तुम्ही पालखीबरोबर असाल किंवा पंढरपुरात गर्दीत असाल तर फोन खिशातच ठेवा. त्या रात्री फक्त आधी ठरलेल्या गोष्टींवर सह्या होतात, सकाळी वाचलं तरी काही निसटत नाही.

बातमी पारखायची कशी

बातमीतलं क्रियापद वाचा. "संघाला रस आहे", "बोलणी चालू आहेत", "सहमती झाली" आणि "सही केली" या चार पायऱ्या आहेत. पहिल्या दोन पायऱ्यांवर मन गुंतवायचं नाही. अशा बऱ्याचशा बातम्या एजंट किंवा संघच पसरवतात. दुसऱ्या गिऱ्हाइकाचं नाव पुढे आलं की भाव वाढतो. वाचताना स्वतःला विचारा, ही बातमी बाहेर आल्याने फायदा कुणाचा?

तिसऱ्या पायरीवरच्या बातमीसाठी नाव बघा. ईएसपीएनचा शॅम्स चरानिया आज या कामातला सगळ्यात पुढचा पत्रकार आहे. आधी तो मान एड्रियन वोजनारोव्स्कीकडे होता, तो सप्टेंबर २०२४ मध्ये पत्रकारितेतून बाहेर पडला. या दोघांच्या नावाने खोटी अकाउंट्स निघतात, नावात एखादं अक्षर बदललेलं असतं. ग्रुपवर स्क्रीनशॉट आला तर तो पुढे ढकलू नका, मूळ अकाउंट उघडून बघा. वेळही तपासा. बाहेरच्या संघाबरोबर "सगळं ठरलं" अशी बातमी १ जुलैच्या पहाटे साडेतीनच्या आधी आली तर ती नियमाबाहेरची बोलणी ठरते. ब्रन्सनच्या वेळी आधीच बोलणी केल्याबद्दल लीगने न्यूयॉर्कचा दुसऱ्या फेरीतला एक ड्राफ्ट पिक, म्हणजे नव्या खेळाडूंतून निवड करायची एक पाळी, काढून घेतला होता.

आणि सहमती झाली तरी सही होईपर्यंत सगळं पक्कं नसतं. २०१५ मध्ये डिआंड्रे जॉर्डनने डॅलसला होकार दिला होता. त्या वर्षी मोरॅटोरियम ९ जुलैपर्यंत होता. मधल्या दिवसांत क्लिपर्सचे लोक आणि सहकारी त्याच्या घरी जाऊन बसले, त्याचं मन वळलं, आणि मोरॅटोरियम उठताच त्याने क्लिपर्सशीच सही केली. डॅलसच्या चाहत्यांनी तोवर आनंद साजरा करून टाकला होता. असं क्वचित होतं, पण नवी जर्सी मागवायची घाई सहीच्या आधी करू नका.

पहाटे साडेतीनला उठायचं का?

उठायचं असेल तर जरूर उठा. आमच्यातले काही जण पूर्व भागातले आहेत, घरात यंत्रमाग, रात्रपाळी त्यांच्या सवयीची. बाकीच्यांनी आदल्या दिवशी लवकर झोपावं, सव्वातीनचा गजर लावावा आणि फक्त दोन-तीन खात्रीची अकाउंट्स उघडी ठेवावीत. पहिल्या तासाभरात बातम्यांचा पाऊस पडतो. मोठी नावं बहुधा त्यातच असतात, पण सगळी नाही. दुसऱ्या संघांकडची जागा कशी भरत जाते ते मात्र लिहीत राहा. तुमच्या खेळाडूला पैसे देऊ शकणारे चार संघ होते आणि त्यातल्या तिघांनी दुसऱ्याच कुणाला घेतलं, तर तुमच्या आशेला बळ आलं. हा हिशेब मांडत बसण्यात खरी मजा आहे, आणि तो चौघांनी मिळून मांडला तर आणखी. सकाळी चहाला सात रस्ता चौकात जमायचं आधीच ठरवून ठेवा. एकट्याने फोन चाळत बसण्यापेक्षा ते केव्हाही चांगलं.

राहिला तर

आनंद करा, मग करार वाचा. किती वर्षांचा, शेवटच्या वर्षी ऑप्शन कुणाचा, आणि त्यानंतर संघ ॲप्रनच्या कुठे उभा आहे. नवी सही केलेल्या बहुतेक खेळाडूंना १५ डिसेंबरपर्यंत ट्रेड करता येत नाही. बर्ड राइट्सवर मोठी वाढ मिळालेल्यांना, संघ कॅपच्या वर असेल तर, १५ जानेवारीपर्यंत. आपल्याकडे गड्ड्याची यात्रा भरलेली असते त्या दिवसांत हे दार उघडतं आणि फेब्रुवारीतल्या ट्रेडच्या मुदतीपर्यंत उघडं राहतं. वर सांगितलेला एटन २०२२ मध्ये राहिला, २०२३ मध्ये पोर्टलंडला ट्रेड झाला. ट्रेडला नकार द्यायचा हक्क करारात लिहून मिळवायला लीगमध्ये आठ वर्षं आणि त्या संघाकडे चार वर्षं झालेली असावी लागतात, त्यामुळे तो अगदी थोड्यांकडे असतो.

गेला तर

पहिल्यांदा बघा की बदल्यात काही मिळालं का. साइन-अँड-ट्रेड झाला असेल तर जुना संघ त्याच्याशी करार करून लगेच त्याला नव्या संघाकडे पाठवतो आणि बदल्यात खेळाडू किंवा पिक घेतो. ड्युरंट २०१९ मध्ये ब्रुकलिनला गेला तेव्हा गोल्डन स्टेटला असाच डी'अँजेलो रसेल मिळाला. क्ले थॉम्प्सन २०११ पासून गोल्डन स्टेटकडे होता, चार विजेतेपदं तिथेच मिळवली, आणि २०२४ मध्ये डॅलसला गेला. तोही याच मार्गाने. टोरांटोला लेनर्डच्या बदल्यात काहीच मिळालं नाही.

मग राहिलेल्या संघाकडे वळा. मोकळी झालेली मिनिटं कुणाला मिळणार, एखाद्या तरुणाला संधी आहे का, पगाराची किती जागा सुटली. गेलेल्याचं दुःख ओसरायला यापेक्षा चांगलं काम नाही.

जुनी जर्सी ठेवून द्या. २०१० मध्ये लेब्रॉनने टीव्हीवरून क्लीव्हलँड सोडल्याचं जाहीर केलं तेव्हा तिथे जर्सी जाळल्या गेल्या आणि त्या डिसेंबरात तो मायामीकडून खेळायला आला तेव्हा सगळं मैदान त्याच्यावर ओरडलं. २०१४ मध्ये तो परत आला. २०१६ मध्ये फायनलला ३-१ असं मागे पडूनही त्याने क्लीव्हलँडला पहिलं विजेतेपद मिळवून दिलं. टोरांटोच्या लोकांनी दुसरी रीत दाखवली. डिसेंबर २०१९ मध्ये लेनर्ड क्लिपर्सकडून खेळायला आला तेव्हा त्याला विजेतेपदाची अंगठी दिली गेली आणि प्रेक्षकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मला टोरांटोची रीत पटते.

ऑगस्टमध्ये साधारणपणे पुढच्या मोसमाचं वेळापत्रक जाहीर होतं. आपला जुना खेळाडू आपल्या संघासमोर पहिल्यांदा कधी येतोय ती तारीख शोधून भारतीय वेळेत लिहा. पूर्व किनाऱ्यावरची संध्याकाळी साडेसातची मॅच थंडीत आपल्याकडे सकाळी सहाला सुरू होते आणि तिथली घड्याळं पुढे केलेली असतील तेव्हा पाचला. पश्चिमेकडच्या रात्रीच्या मॅच आपल्या सकाळी आठ ते नऊच्या सुमारास असतात, त्या दिवशी कॉलेजचं पहिलं लेक्चर किंवा कामाची पहिली पाळी आड येईल, तेव्हा सोबत बघणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा.